जुन्या यंत्रांचा प्राण

यंत्राचे आयुष्य त्याच्या सर्वांत मौल्यवान भागावर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. अनुभव मात्र नेमका उलटा आहे. १९८० च्या दशकात घरोघरच्या दूरचित्रवाणी संचांना जोडले गेलेले व्हिडिओ गेमचे कन्सोल आता चाळिशीला पोचले आहेत. त्यांतील पुष्कळांच्या चिप अद्याप शाबूत आहेत आणि कॅसेटही चालतात. हरवलेला वा जळालेला असतो तो भिंतीवरच्या सॉकेटात बसणारा काळा, जड ठोकळा. ज्याला भारतात दीर्घकाळ ‘एलिमिनेटर’ म्हणत, तो ॲडॅप्टर. एवढ्याशा वस्तूअभावी धडधाकट यंत्र माळ्यावर जाते आणि तेथून भंगारात. हे टाळण्यासाठी अनेक देशांतील हौशी मंडळी आता मोबाइलच्या यूएसबी चार्जरवर ही यंत्रे चालवू लागली आहेत. वरवर पाहता हा केवळ छंद वाटेल. वस्तुतः त्यात एक सार्वजनिक प्रश्न दडला आहे: विकत घेतलेली वस्तू किती काळ उपयोगी राहावी, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

हा प्रश्न उद्भवला याचे कारण त्या काळच्या अराजकात आहे. १९७७ च्या अटारी २६०० ला ९ व्होल्ट लागत आणि ते हेडफोनच्या पिनेसारख्या दिसणाऱ्या पिनेतून दिले जात. निन्टेन्डो कंपनीचा १९८३ चा जपानी फॅमिकॉम १० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चाले. त्याच कंपनीने १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या एनईएस या भावंडाला मात्र ९ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह देणारा ॲडॅप्टर दिला. दोहोंची पिन एकमेकांत बसते. अमेरिकी ॲडॅप्टर जपानी यंत्राला जोडला, तर यंत्राला इजा होण्याचा धोका असतो. सेगा कंपनीच्या १९८८ च्या मेगा ड्राइव्हला पिनेच्या मध्यभागी ऋण ध्रुव लागे, तर त्याच्याच दुसऱ्या आवृत्तीला धन. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन यंत्रांची ही कथा! तंत्रज्ञानाची गरज म्हणून हे झाले, असे म्हणण्यास फारसा आधार नाही. सर्वांनी मिळून काही ठरवावे असे कोणालाच वाटले नाही, हेच खरे.

गंमत अशी, की बाहेरून इतकी वेगळी भासणारी ही यंत्रे आतून बव्हंशी सारखीच आहेत. त्यांच्या चिपना ५ व्होल्टच लागतात. बाहेरून येणारे ९ वा १० व्होल्ट आतला ७८०५ सारखा रेग्युलेटर ५ वर आणतो आणि उरलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने फेकून देतो. ९ व्होल्ट आणि ८५० मिलिॲम्पिअर धरले, तर सुमारे साडेसात वॅटपैकी जवळजवळ साडेतीन वॅट केवळ यंत्र तापवण्यात जातात. यूएसबीचा मूळ दाबही ५ व्होल्टच आहे. परंतु तो जुन्या यंत्राच्या तोंडाशी थेट देऊन भागत नाही. त्या रेग्युलेटरला आपले काम करण्यासाठी सुमारे दोन व्होल्ट अधिक लागतात.

येथे टाइप-सी आणि ‘पॉवर डिलिव्हरी’ ही नवी व्यवस्था उपयोगी पडते. १९९६ मध्ये अवतरलेली यूएसबी प्रामुख्याने संगणकाला उपकरणे जोडण्यासाठी होती. २०१४ मध्ये टाइप-सी जोडणी जाहीर झाली आणि पुढे हीच तार वीज वाहण्याचे प्रमुख साधन ठरली. या व्यवस्थेत चार्जर प्रथम ५ व्होल्टच देतो. उपकरणाने मागणी केली आणि चार्जरची तेवढी क्षमता असली, तरच तो ९, १५ वा २० व्होल्ट देतो. बिचाऱ्या जुन्या कन्सोलला मागणी करण्याची भाषा येत नाही. म्हणून ‘ट्रिगर’ नावाचे एक छोटेसे सर्किट तारेत बसवले जाते आणि ते यंत्राच्या वतीने ९ व्होल्ट मागते. १० व्होल्टची यंत्रेही बहुधा यावर समाधानाने चालतात. कारण जुन्या ॲडॅप्टरचा दाब भारानुसार वरखाली होत असे आणि तेवढी मोकळीक यंत्राच्या रचनेतच ठेवलेली होती. भारतातील शौकिनांना आणखी एक लाभ आहे. जपानमधून आलेल्या कन्सोलचा मूळ ॲडॅप्टर १०० व्होल्टच्या घरगुती विजेसाठी बनवलेला असतो. तो येथील २३० व्होल्टवर लावला की जळून जातो. मोबाइलचे आजचे चार्जर सामान्यतः १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोठेही चालतात.

या प्रयोगाला विरोध करणारेही आहेत. जुने यंत्र मूळ ॲडॅप्टरवरच चालले पाहिजे, अन्यथा त्याचे अस्सलपण उणावते, असे त्यांचे म्हणणे. या भूमिकेतील आदरभाव समजण्यासारखा आहे. पण मूळ ते सारे पवित्र, हा आग्रह यंत्राच्याच मुळावर येऊ शकतो. १९८२ च्या कमोडोर ६४ या संगणकाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या मूळ ॲडॅप्टरमधील रेग्युलेटर जुना होऊन बिघडला, की ५ व्होल्टच्या जागी अधिक दाब आत शिरतो आणि मेमरीच्या चिप जळतात. तेथे अस्सलपणाचा हट्ट म्हणजे यंत्राचा घातच. शिवाय बदल तारेपुरता असला, कन्सोलच्या पेटीला धक्का न लावता तो केव्हाही मागे घेता येत असला, तर जतनाच्या तत्त्वाला बाध येत नाही. पेटी कापून नवे सॉकेट बसवणे ही मात्र वेगळी गोष्ट. ती टाळलेलीच बरी.

याचा अर्थ सारे निर्धोक आहे असा नव्हे. पिन बसली म्हणजे वीज योग्यच आहे, हा भ्रम यूएसबीने अधिक बळकट केला आहे. व्होल्ट निवडण्याची सोय असलेला ट्रिगर चुकून २० वर राहिला, किंवा ध्रुव उलटे झाले, तर चाळीस वर्षे टिकलेले यंत्र क्षणात जाऊ शकते. निन्टेन्डो ६४ ला एकाच वेळी ३.३ आणि १२ असे दोन दाब लागतात. पहिल्या प्लेस्टेशनचा वीजपुरवठा पेटीच्या आतच असतो. तेथे असली साधी तार कुचकामी आहे. यंत्रावरील लेबल वाचणे आणि जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासणे, याला पर्याय नाही.

आता सरकारेही जागी झाली आहेत. युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल, कॅमेरे आणि हातात धरून खेळायचे नवे कन्सोल यांना टाइप-सी सक्तीचे केले. न वापरता फेकल्या जाणाऱ्या चार्जरचा कचरा वर्षाला सुमारे ११,००० टन होतो, असा तेथील आयोगाचा अंदाज होता. भारतीय मानक ब्यूरोनेही जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केल्याचे जाहीर केले. ही पावले योग्यच आहेत. परंतु कायदा नव्या मालाचा विचार करतो. घरात आधीच असलेल्या वस्तूंचा वाली कोण? १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या असंख्य नकला ‘टीव्ही गेम’ म्हणून भारताच्या बाजारात आल्या. त्यांना कोणती वीज लागते, याची सुवाच्य नोंद त्यांच्यावर असतेच असे नाही.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक उपकरणावर दाब, प्रवाहाचा प्रकार, त्याचे प्रमाण आणि ध्रुवांची खूण न पुसली जाईल अशी कोरलेली असावी, आणि अशा तारा विकणाऱ्यांनाही तेच बंधन असावे. उत्पादन थांबवताना कंपनीने ही माहिती सर्वांसाठी खुली करावी. शाळांच्या आणि आयटीआयच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांच्या हाती मल्टिमीटर देऊन असा एखादा जुना ठोकळा मोजायला लावला, तर पाठ्यपुस्तकातील विद्युत्प्रकरण त्यांना अधिक चांगले उमगेल. निन्टेन्डोनेच २०१६ मध्ये आपल्या जुन्या कन्सोलची छोटी प्रतिकृती काढली, तेव्हा ती यूएसबीवर चालणारी ठेवली. जे हौशी माणसाला घरबसल्या सुचले, ते उत्पादकालाही मान्य करावे लागले.

प्रमाणीकरण म्हणजे वैविध्याचा नाश, अशी तक्रार नेहमी केली जाते. येथे तर प्रमाणीकरणानेच वैविध्याला जीवदान दिले आहे. तार एक झाली म्हणून परस्परांहून भिन्न अशी दहा यंत्रे पुन्हा चालू लागली. वस्तू जुनी झाली म्हणून मरत नाही. तिला जगाशी जोडणारा दुवा तुटला म्हणून ती मरते. तो दुवा एकाच कंपनीच्या हाती न राहता सर्वांच्या मालकीचा असावा, एवढीच मागणी आहे आणि ती रास्त आहे.