कुत्रा अंगण उकरतो तेव्हा

कुत्रा चावल्याची जखम घेऊन आलेल्याला मी नेहमी विचारतो, चावला तेव्हा तुम्ही काय करीत होता? घरचाच कुत्रा असला तर बरेचदा उत्तर येते, ‘त्याने अंगण उकरले, म्हणून काठी घेतली.’ मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नव्हे. पण खड्डा कुत्र्याने केला तरी रुग्ण माणूसच होतो, म्हणून हा विषय.

आपल्या वाशीम भागात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी सारी भिस्त धापा टाकण्यावर. वरची माती तापलेली, वीतभर खाली गारवा. म्हणून तो न्हाणीजवळ किंवा कडुनिंबाखाली उकरून पोट टेकून पडतो. याला खोड म्हणायचे की शहाणपण? त्याला सावलीत ओले पोते अन् भांडेभर पाणी द्या, निम्मे उकरणे तिथेच थांबेल.

भिंतीच्या कडेला एकाच जागी उकरत असेल तर आधी घुशीचे किंवा उंदराचे बीळ पाहा. (तिथे विषारी गोळ्या मात्र टाकू नका, त्या कुत्राच आधी हुंगेल.) उरलेली भाकर पुरून ठेवणे हा त्याच्या रानटी पूर्वजांचा वारसा. गाभण कुत्री पिलांसाठी जागा करते. भाद्रपदात फाटकाखाली उकरणाऱ्या कुत्र्याला बाहेर पडायचे असते. त्यावर नसबंदी हा उपाय.

पण माझ्या मते सर्वांत मोठे कारण कंटाळा हेच आहे. राखणीला म्हणून कुत्रा आणायचा, दिवसभर दीड हाताच्या साखळीला बांधायचा आणि तो माती उकरतो म्हणून मारायचा, हा कोणता न्याय? सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवून आणा. अंगणाचा एक कोपरा त्याला मोकळा सोडा, तिथे रेती टाकून भाकरीचा तुकडा पुरा. दुसरीकडे उकरताना दिसला की हाक मारून त्या कोपऱ्यात न्या. तासाभराने खड्डा दाखवून मारलेत तर मार कशाचा हे त्याला कळत नाही; तो फक्त तुमच्या हाताला भिऊ लागतो, आणि भ्यालेला कुत्रा चावतो. खड्ड्यात मिरचीपूड टाकणे हा तर निव्वळ छळ.

चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. कुत्रा घरचा आहे म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून पुष्कळांना वाटते, पण ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून वापरात नाही. आता लस दंडात देतात. मात्र ठरलेल्या सर्व तारखा पाळाव्या लागतात.

लहान मुलांच्या घरात आणखी एक काळजी. कुत्र्याच्या विष्ठेतून गोल जंतांची अंडी मातीत पडतात, दोन-चार आठवड्यांत बाधक होतात आणि पुढे कित्येक महिने टिकतात. उकरलेल्या भुसभुशीत मातीत मुले हमखास खेळतात. तोच हात तोंडात गेला तर क्वचित डोळ्यालाही इजा होते. म्हणून विष्ठा रोज उचला, खड्डे बुजवा, मुलांना साबणाने हात धुवायला लावा. पिलांना दोन आठवड्यांची झाल्यापासूनच जंताचे औषध लागते. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी. मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात वजन सांगून विचारा, आणि त्याच खेपेत रेबीजची लसही टोचून घ्या.