डिजिटल रेडिओ आधी जुन्या गाड्यांत वाजू द्या

डिजिटल रेडिओ यावा, जरूर यावा. पण त्याची पहिली काळजी जुन्या गाड्यांची असावी. नव्या गाडीवाल्याला तो न मागता मिळतो. मारुती सुझुकी, ह्युंदाई, महिंद्र यांच्या बऱ्याच मॉडेलांत 2017 च्या आसपासपासून तो कारखान्यातूनच बसून येतो. अशा लाखो गाड्या आज देशात फिरताहेत. घोटावड्याच्या एका गोठेवाल्याने मध्यंतरी अशीच नवी गाडी घेतली. त्याच्या पडद्यावर रेडिओच्या यादीत एफएम आणि एएमच्या शेजारी ‘डीआरएम’ असं लिहिलेलं होतं. “हे काय असतं हो डॉक्टरबाई? मला वाटलं एअरबॅगपैकी काहीतरी असेल, म्हणून हातच लावला नाही,” असं तो म्हणाला. ज्याच्याकडे आहे त्याला ठाऊक नाही, आणि ज्याला हवं आहे त्याला दुकानात मिळत नाही, असा हा सगळा मामला आहे.

मी पशुवैद्य. पौडला राहते आणि कोळवण खोऱ्यापासून ताम्हिणीपर्यंत जनावरं बघत हिंडते. गाडी 2008 ची वॅगन-आर. पंधरा वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरला, पुनर्नोंदणी केली आणि पुन्हा चालवायला घेतली, कारण इंजिनाला काही धाड भरलेली नाही. म्हैस अडली की रात्री-अपरात्री निघावं लागतं. सोबतीला रेडिओ. फोनवर गाणी, बातम्या, सगळं मिळतं हे मलाही माहीत आहे. पण माले मागे पडलं की फोनच्या कांड्या एकेक करून गळतात आणि धरणाच्या कडेने पुढे गेलं की उरतो तो फक्त वेळ दाखवणारा डबा. ‘आता रेडिओ कशाला, इंटरनेट आहे ना’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एकदा श्रावणात निवे गावापर्यंत घेऊन जायला तयार आहे. चहा माझ्याकडून.

शहरातल्या एफएमचंही तेच. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत चालतात; मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. पिरंगुटचा घाट उतरून पुढे निघालं की खासगी वाहिन्या खरखरू लागतात आणि खोऱ्यात शिरलं की विझतात. एएम ज्यांवरून येतं त्या मध्यम लहरींचा स्वभाव वेगळा. पुणे केंद्राच्या 792 किलोहर्ट्झची लहर जवळजवळ 380 मीटर लांबीची. ती जमिनीला धरून, डोंगराला वळसा घालून येते. म्हणून सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या ऐकायच्या तर खोऱ्यात एएम बरं. पण एएमला खोड्या फार. उच्चदाब विजेच्या तारांखालून गाडी गेली की घरघर. मोबाइलचा स्वस्तातला चार्जर लावला की शिट्टी. रात्री तर लांबलांबची केंद्रं एकमेकांच्या अंगावर येतात.

हीच मध्यम लहर डिजिटल केली तर घरघर जाते, आवाज एफएमसारखा होतो आणि सोबत मजकूरही पाठवता येतो. आकाशवाणीने त्यासाठी डीआरएम हे तंत्र निवडलं आणि देशभरातले मध्यम लहरींचे 35 प्रक्षेपक त्यासाठी सज्ज केले. पुणे त्यांत आहे. पैसा जनतेचा खर्च झाला आहे, यंत्रं उभी आहेत. ऐकायला काय आहे, तर नव्या गाड्या, आणि ज्यांची किंमत साध्या ट्रान्झिस्टरच्या कितीतरी पट आहे असे मोजके संच.

मी नाना पेठेत गेले. गाड्यांचं सामान म्हटलं की पुण्यात तिथेच जायचं. “टेप बदलायचाय, डिजिटल रेडिओ असलेला दाखवा,” म्हटल्यावर दुकानदाराने नऊ इंची पडद्याचा अँड्रॉइड संच पुढे केला. त्यात ब्लूटूथ, मागचा कॅमेरा, नकाशे सगळं होतं, फक्त डीआरएम नव्हतं. एएम तरी आहे का विचारलं, तर तेही नाही. “मॅडम, एएम आता कोण ऐकतं?” पुढच्या दुकानात तेच, त्याच्या पुढच्या दुकानातही तेच. म्हणजे जुना टेप काढून हा महागडा पडदा बसवला असता तर खोऱ्यात जे काही ऐकू येत होतं तेही गेलं असतं. पिरंगुटला गाड्यांचं वायरिंग करणारे एक जण आहेत, त्यांनी मला शहाणा सल्ला दिला : टेप राहू दे, एरियलचा दांडा बदल आणि चार्जर चांगल्यातला घे. दोन्ही केलं. खरखर निम्म्यावर आली. छपरावरचा जुना लांब दांडा काढून दिसायला छान म्हणून माशाच्या परासारखा अँटेना लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एएमला दांडाच लागतो.

आता हे अशक्य आहे का? मुळीच नाही. नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, तेव्हा तिथल्या रस्त्यांवर लाखो जुन्या गाड्या होत्या. लोकांनी गाड्या मोडीत काढल्या नाहीत. एक छोटा डबा घेतला. तो सिगारेट लायटरच्या भोकातून 12 व्होल्ट घेतो, पुढच्या काचेवर चिकटवलेल्या अँटेनातून डिजिटल प्रक्षेपण पकडतो आणि अगदी क्षीण एफएमवरून ते गाडीच्याच जुन्या रेडिओला ऐकवतो. टेप उचकटायला नको, डॅशबोर्ड फोडायला नको. आपल्याकडेही फोनमधली गाणी जुन्या टेपवर वाजवायला असाच लायटरमध्ये खोचायचा डबा सिग्नलपाशी विकत मिळतो. त्यातला ब्लूटूथचा भाग काढून डीआरएमचा घालायचा, एवढंच काम. जे देश पैशाने आपल्यापुढे आहेत त्यांनी जुन्या गाडीचा विचार केला आणि आपण, जिथे वीस-वीस वर्षं गाडी चालते, तो केला नाही, हे मला कळत नाही.

डबा का निघत नाही, त्याचं कारण मात्र कळतं. कारखानदाराला ठाऊक नाही की उद्या देशात कोणतं तंत्र चालणार. आकाशवाणीचं डीआरएम एकीकडे, खासगी एफएमवाल्यांसमोर अमेरिकी एचडी रेडिओ दुसरीकडे, आणि वाद वर्षानुवर्षं चाललेला. ऑक्टोबर 2025 मध्ये दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने शिफारशी दिल्या : खासगी एफएमसाठी देशात एकच तंत्र असावं, सुरुवात 13 मोठ्या शहरांत व्हावी, एकाच फ्रिक्वेन्सीवर जुनी अॅनालॉग वाहिनी चालू ठेवून सोबत तीन डिजिटल वाहिन्या द्याव्यात, आणि अॅनालॉग कधी बंद करायचं ते पुढे ठरवावं. त्या 13 शहरांत पुणे आहे. चांगली गोष्ट आहे. पण पुणे म्हणजे काय? शहराच्या वेशीवरच्या चांदणी चौकाच्या अलीकडचं की पलीकडचंही?

मला हा प्रश्न उगाच पडलेला नाही. अॅनालॉग रेडिओ दुबळा झाला तरी खरखरत का होईना ऐकू येतो. बातमीतलं ‘दरड’ आणि ‘घाट बंद’ एवढे दोन शब्द कळले तरी माझं काम होतं. डिजिटलचं तसं नाही. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की फ्यूज उडाल्यासारखा आवाज थेट बंद. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अशा दिवशी मोबाइलचा टॉवर बंद पडला तर मोबाइलवरचा इशाराही येत नाही. डीआरएममध्ये आपत्तीचा इशारा थेट रेडिओवर झळकवण्याची सोय आहे, आणि या डोंगरांत तिच्याइतकी उपयोगाची दुसरी सोय मला सुचत नाही. पण ती मध्यम लहरीवर मिळाली तरच. शहराच्या एफएम पट्ट्यात अडकली तर घाट ओलांडणार नाही.

तेव्हा मागणं एवढंच. तंत्राचा निकाल लवकर लावा. जुन्या गाडीसाठीचा डबा एफएम पट्टा आणि मध्यम लहर दोन्ही पकडणारा असावा, अशी अट त्याच वेळी घाला आणि त्यावरचा कर कमी ठेवा. पहिली काही वर्षं आकाशवाणीने स्वतः तो किफायतशीर दरात विकला तरी हरकत नाही. 35 प्रक्षेपकांवर खर्च केल्यावर एवढा हात आखडता घेण्यात अर्थ नाही. आणि कोळवण, माले, ताम्हिणी इथे गाडी फिरवून डिजिटल कुठे ऐकू येतं आणि कुठे गप्प होतं याची मोजणी केल्याशिवाय 792 चं अॅनालॉग प्रक्षेपण बंद करू नका. जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचा निर्णय झाला होता आणि लोक बोलले म्हणून तो थांबला. बोलल्याचा उपयोग होतो.

म्हणून नव्या गाडीवाल्यांना विनंती. आज गाडीत बसाल तेव्हा रेडिओच्या यादीत डीआरएम आहे का बघा, लावा, आणि कुठे काय ऐकू आलं ते पुण्याच्या आकाशवाणी केंद्राला पोस्टकार्डावर का होईना, कळवा. ऐकणारं कोणी नाही, हे कारण त्यांच्या हाती द्यायचं नाही.