तारांचं काम

आमच्या मोहल्ल्यातले गिटारवाले चाचा एका ऑर्केस्ट्रात होते. कुठल्या, ते सांगून उपयोग नाही. तालुक्याबाहेर तो ऑर्केस्ट्रा कोणाला ठाऊक नव्हता आणि तालुक्यात चाचा कोणाला ठाऊक नव्हते. पोस्टरवर गायकाचा फोटो, गायिकेचा फोटो, निवेदकाचासुद्धा फोटो. चाचा तळाच्या ओळीत : 'आणि साथीदार'.

खूळ लागलं १९७३ साली. 'यादों की बारात'मधल्या एका गाण्याच्या सुरुवातीला भूपिंदर सिंग यांची गिटार वाजली आणि पंधरा वर्षांचे चाचा तिकिटासाठी घरची रद्दी विकू लागले.

गणपतीचे दहा दिवस, जत्रा-उरूस आणि लग्नसराई एवढाच कमाईचा हंगाम. एका वरातीत चहावाल्याने शेगडी लावायला गिटारचा प्लग काढला. चाचांनी तीन गाणी मुकाट वाजवली. कोणाच्या काही लक्षातही आलं नाही. उलट बिदागी देताना यजमान म्हणाले, "आज गिटार छान झाली!"

लग्न ठरवायची वेळ आली. मुलगा काय करतो, या प्रश्नावर मामूंनी खाली मान घालून सांगितलं, "तारांचं काम." मुलीकडच्यांना वाटलं, वीज मंडळात आहे. निकाह झाला.

पहिल्या ईदला जावई सासरी गेले. शीरखुर्मा झाल्यावर सासऱ्यांनी बंद पंखा पुढे ठेवला. चाचांनी तो 'सामान इथे नाही' म्हणून घरी आणला, बाजारात पैसे मोजून दुरुस्त करून घेतला. मग मिक्सर आला, इस्त्री आली, सासऱ्यांच्या शेजाऱ्यांचा पाण्याचा पंपही आला. ऑर्केस्ट्राची बिदागी सासरच्या दुरुस्तीत जाऊ लागली, तेव्हा वैतागून चाचा मोटार रिवाइंडिंग शिकले.

ते बरंच झालं. पुढे एक कीबोर्ड दहा वादकांचं काम करू लागला, मग डीजे आला. ढोलकीवाला गाव सोडून गेला, ट्रम्पेटवाल्याने ट्रम्पेट विकलं. चाचांचं घर पंख्यांनी तारलं. दोन्ही मुली शिकल्या. दुकानात तांब्याच्या तारेच्या रिळांशेजारी गिटार अजून टांगलेली आहे.

परवा धाकटीला बघायला पाहुणे आले. मुलीचे वालिद काय करतात, असं विचारलं. मामू सवयीने म्हणाले, "तारांचं..." तेवढ्यात चाची पडद्याआडून बाहेर आल्या. "गिटार वाजवतात. पंखेही दुरुस्त करतात."

पाहुणे गेल्यावर आम्ही विचारलं, "चाची, तुम्हाला कधी कळलं?"

"निकाहच्या दुसऱ्याच दिवशी. विजेच्या माणसाच्या फक्त डाव्याच हाताच्या बोटांना घट्टे कसे पडतील?"

"मग तुमच्या अब्बांना सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर त्यांनी गिटार सोडायला लावली असती. पंख्यांचं काय, ते शिकलेच असते कधीतरी."

चाचा कोपऱ्यात बसून ऐकत होते. इतक्या वर्षांत त्यांची गिटार कोणीतरी नीट ऐकली होती, हे त्यांनाही त्याच दिवशी कळलं. आणि हो, रिश्ता पक्का झाला. मुलाकडचा एक टेबलफॅन तेवढा दुरुस्तीला आला आहे.