थंडीत ट्रॅक्टर किती वेळ तापवावा?



ऊसतोडीच्या दिवसांत प्रवराकाठी कोल्हारला पहाटे बोचरी थंडी असते. म्हणून ट्रॅक्टर चालू करून अर्धा तास तसाच उभा ठेवू नका. उभ्या इंजिनाला नीट ऊब येत नाही. न जळालेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि पैसाही जातो. थंडीने घट्ट झालेले ऑइल सगळीकडे पोचायला दोन-तीन मिनिटे पुरतात. ऑइलचा लाल दिवा विझला आहे ना, ते पाहा आणि निघा. पहिली दहा मिनिटे रेस कमी ठेवा. भरलेली ट्रॉली खालच्या गिअरमध्ये सावकाश ओढा.

ट्रॅक्टर असो वा मोटारसायकल, बंद शेडमध्ये किंवा पडवीत चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेजारी झोपलेले लेकरू जागे न होताच दगावू शकते.