रांगेतला नंबर कुणाचा?

एस. टी. स्टँडवर तिकिटाच्या दोन खिडक्यांपैकी एक मध्येच बंद होते आणि तिथली रांग दुसरीत मिसळते. मग भांडण ठरलेलेच! एक म्हणतो, "मी तासभर उभा आहे." दुसरा म्हणतो, "असाल; पण तुमची खिडकी बंद पडली, त्यात माझा काय दोष?" खरे कोणाचे?

अमेरिकेत २००५ साली हाच प्रश्न वैमानिकांपुढे आला. दिवाळखोरीत सापडलेली जुनी यूएस एअरवेज आणि १९८३ पासून उड्डाणे करणारी लहान अमेरिका वेस्ट यांचे विलीनीकरण झाले. कॅप्टनची जागा कधी, विमान कोणते, नाताळात सुट्टी कुणाला आणि मंदीत घरी कुणी बसायचे, हे सारे सेवाज्येष्ठतेवर ठरते. कंपनी बदलली की पुन्हा तळापासून सुरुवात. म्हणून यादीतला क्रमांक हीच वैमानिकाची मिळकत.

जुन्या कंपनीचे वैमानिक म्हणाले, नोकरीला लागल्याची तारीख पाहा. दुसरे म्हणाले, विलीनीकरणाच्या वेळी कोण कोणत्या जागेवर होता ते पाहा. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी मे २००७ मध्ये निवाडा दिला. मोठी विमाने चालविणारे जुन्या कंपनीचे सुमारे ५०० वैमानिक सर्वांत वर, कामावरून कमी केलेले सर्वांत खाली आणि मधले प्रमाणानुसार. त्यामुळे १९८० च्या दशकात लागलेला माणूस नुकत्याच लागलेल्या तरुणाच्या शेजारी येऊन बसला.

त्याचे दुःख मला कळते. पण पुढे जे झाले ते पटत नाही. लवादाचा निर्णय अंतिम, हे आधीच ठरले होते. तरीही संख्येने जास्त असलेल्या जुन्यांनी २००८ मध्ये मतदानाने संघटनाच बदलली आणि निवाडा बासनात गेला. कोर्टकचेऱ्या झाल्या, एकत्र वेतनकरार वर्षानुवर्षे रखडला. २०१३ मध्ये कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये मिसळली आणि २०१६ मध्ये नव्या लवादाने नवी यादी केली. भांडणात दोन्ही पक्षांची उमेदीची वर्षे गेली.

बहुमताने प्रतिनिधी निवडावा. अल्पसंख्यांच्या ताटातला घास बहुमताने उचलू नये. जुन्यांच्या जागांना ठरावीक वर्षे संरक्षण मागता आले असते. पंचच बदलणे हा न्याय नव्हे.

आपल्याकडेही २००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. लग्न आधी, बोलणी मागाहून! वेतनातील तफावतीवरून २०११ मध्ये एका गटाचा संप झाला. नव्या ड्रीमलायनर विमानांच्या प्रशिक्षणावरून २०१२ मध्ये दुसऱ्या गटाचा, तोही ५८ दिवस.

ज्येष्ठता वर्षांनी मोजा की जागेने, दोन्ही मापांत थोडा न्याय आणि थोडा अन्याय आहेच. पण माप कोणते, हे माल तोलण्यापूर्वी ठरवावे आणि तोलल्यावर काटा हिसकावू नये. उद्या आपल्यापैकी कुणी शाळेत, बँकेत, कचेरीत नोकरीला लागेल. तेथेही एखादी खिडकी बंद होईलच. तेव्हा आपण रांगेत कसे उभे राहणार?