जुन्या लुगड्याचे भिंतकप्पे

पेरणी तोंडावर आली की घरोघर एकच ओरड. सातबारा कुठे ठेवला? पासबुक कुणी उचललं? मग पत्र्याची पेटी उपसायची, अंथरुणं झटकायची, आणि कागद सापडतो तो देव्हाऱ्यामागे, वाळवीने अर्धा खाल्लेला. यासाठी विकतचे कपाट नको. जुने गोणपाट, फाटके लुगडे आणि बांबूच्या दोन कामट्या पुरेत.

गोणपाट धुऊन कडक उन्हात वाळवावे. दोन हात लांब, दीड हात रुंद तुकडा घ्यावा. वर-खाली दुमडून नेफा शिवावा व त्यात कामट्या ओवाव्यात. खालची कामटी विसरू नये, नाहीतर कप्पे भरले की सगळे गोळा होते. कप्प्यांसाठी लुगडे दुहेरी घ्यावे. काठ वरच्या तोंडाशी आणावा. तो पक्का असतो, तुरपाईचा त्रास वाचतो. कप्पा एक वीत दोन बोटे रुंद ठेवावा, म्हणजे सातबारा घडी न घालता मावतो. घडीवरच कागद आधी फाटतो. ओळीत असे दोन कप्पे बसतात. उरलेल्या चिंचोळ्या जागेत आधार कार्डे, पेन, कात्री. गोधडीला घालतो तसा धावदोरा चालेल, मात्र कोपऱ्यांवर दोनदा टाके घालावेत.

पावसाचा मारा असलेल्या भिंतीवर हे टांगू नये. आतल्या भिंतीला लांब खुंटी ठोकावी, मागे थोडी हवा खेळली पाहिजे. कप्प्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा व अधूनमधून बदलावा.

एक कप्पा फक्त बियाण्याचा. बियाण्याची पिशवी लेबलाच्या बाजूने न फोडता खालून फोडावी. पावती, लेबलासकट रिकामी पिशवी आणि मूठभर बी पीक घरात येईपर्यंत जपावे. बी उगवलेच नाही, तर तक्रार करताना हाच पुरावा. पावती हरवली की दुकानदार ओळखसुद्धा देत नाही!

आता एक गोष्ट कळकळीची. टाकाऊतून टिकाऊ करायचे म्हणून फवारणीच्या औषधाची बाटली किंवा डबा घरात आणू नका. आपण त्या विषालाही औषधच म्हणतो आणि तापाच्या गोळीलाही औषधच. लेकराला फरक कसा कळावा? कितीही धुतले तरी त्यात पाणी, तेल, रॉकेल काही भरू नये. बाटली रिकामी झाली की तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, आणि बाटलीला भोके पाडावीत, म्हणजे कुणाला मोह होणार नाही. औषध लावलेल्या रंगीत बियाण्याच्या पिशवीतही डाळ-पीठ भरू नये. ती बियाण्याच्या कप्प्यातही घडी करून, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवावी, आणि कप्पा सर्वांत वरचा निवडावा.

गोड्या तेलाचा १५ किलोचा डबा मात्र खुशाल वापरा. वरचा पत्रा कापून घेतला की खुरपी, विळे, दोरीची गुंडी उभी राहते. कापलेली कड पकडीने आत दुमडावी, आणि सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून तिच्यावर चढवावी. विळ्याची धार खाली, मूठ वर. डबा ओट्याखाली न ठेवता रांगत्या मुलाचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावा.