१ मेच्या जोडीला २८ मे

कॅनडाचं नागरिकत्व घेताना आपण पाठ करतो: १५३४ साली जाक कार्तिए आला, १६०८ साली शांप्लेननं क्वेबेक वसवलं, १ जुलै १८६७ रोजी चार प्रांतांचा देश झाला. ज्या देशात राहायचं, त्याची घडण माहीत हवीच. पण आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत शिवाजी महाराज आणि पेशवाई झाली, की थेट १ मे १९६०! त्यात माळव्यातला मराठी माणूस कुठेच बसत नाही.

माझं माहेर उज्जैनचं, नानाखेड्याचं. तिथल्या बसस्टँडवरून इंदूर दीड तासावर. १८०१ साली या दोन शहरांनी काय भोगलं! जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. त्या फौजेतल्या पलटणी हेसिंग नावाचा युरोपीय अधिकारी चालवत होता. ऑक्टोबरात शिंद्यांच्या बाजूनं सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं.

युरोपीय माणूस माळव्यात आधी पाहुणा म्हणून आला. टॉमस रो १६१७ साली जहांगिराच्या दरबारासोबत मांडूला होता. १७९२ साली विल्यम हंटर आग्र्याहून उज्जैनला आला. त्यानं त्या प्रवासाचं वर्णन लिहिलं आणि सवाई जयसिंगाच्या वेधशाळेचंही. पुढे युरोपीय माणूस मराठ्यांच्या पगारावर आला आणि शेवटी तहाचे कागद घेऊन. १८०३ साली सुर्जी-अंजनगावला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. १८१० साली त्यांनी राजधानी ग्वाल्हेरजवळ लष्करला नेली, उज्जैन मागे पडलं. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकर हरले आणि जानेवारीत मंदसोरचा तह झाला. आपसात लढणाऱ्यांना तिसऱ्यानं एकेक करून गाठलं.

आपण माळव्यात कसे आलो, तेही झाकू नये. चौथ वसूल करत आलो आणि मुलूख शिंदे, होळकर, पवारांत वाटला गेला. इथे सभेच्या सुरुवातीला आपण मूलनिवासींच्या भूमीचं ऋण मानतो. माळव्याच्या रयतेबद्दलही तेवढ्याच सचोटीनं बोलायला हवं.

आणि मग २८ मे १९४८. ग्वाल्हेरला पंडित नेहरूंच्या हस्ते मध्य भारत राज्याचं उद्घाटन झालं. २५ संस्थानं एकत्र आली. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर (दुसरे) उपराजप्रमुख. एकेकाळी एकमेकांच्या शहरांवर चालून जाणारी ही दोन घराणी! कॅनडातल्या इंग्रज-फ्रेंचांच्या जुळणीचं आपल्याला कौतुक आहे, तर हिचं का नसावं?

कुणी म्हणेल, ते राज्य आठच वर्षं टिकलं, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशात मिसळलं. पण १८४१ साली जोडलेला कॅनडा प्रांतही १८६७ साली संपलाच. म्हणून इथल्या पुस्तकांनी तो गाळलेला नाही. शिवाय आमच्यापुरता फरक कायमचा पडला. १९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा माळव्यातली मराठी घरं हिंदी राज्यात होती आणि तिथेच राहिली. मराठी घरात, हिंदी कचेरीत, अशा त्यांच्या पिढ्या गेल्या. परदेशात आपली मुलं आज जसं जगतात, तसं जगण्याचा अनुभव या घरांना आपल्याआधीचा आहे.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती: शाळेच्या पाठांत हा इतिहास घ्या आणि येत्या २८ मेला इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, उज्जैनच्या ज्येष्ठांना बोलवा. त्यांच्या मराठीत हिंदी शब्द येतील. मध्येच थांबवून ते दुरुस्त करू नका.